जात्यावरच्या ओव्या : सामूहिक पुनर्गायन (परभणी जिल्हा)

मराठवाड्यात पहाटे धान्य दळताना बायका ज्या ओव्या म्हणत त्या; आणि घरातले जाते थांबल्यानंतर जुन्या सांगातिणींनी ध्वनिमुद्रणासाठी किंवा श्रोत्यांपुढे पुन्हा एकत्र बसून केलेले त्यांचे गायन. या गाण्याला वाद्य लागत नाही, गुरू लागत नाही. रचणारी, गाणारी आणि ऐकणारी बहुधा एकच बाई असते, फार तर जात्याच्या खुंट्याला हात लावणारी दुसरी. बाईच्या मनातला राग, उपेक्षा आणि मैत्री इतक्या उघडपणे मराठीतल्या दुसऱ्या कुठल्याही गीतप्रकारात आलेली नाही, म्हणून ओवीची नोंद केवळ ‘लोकगीते’ या सदरात टाकून चालत नाही.

ओवी जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ (११२९) या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख येतो. म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’च्या (१२९०) आधी दीड शतकाहून अधिक काळ ती बायकांच्या तोंडी होती. ग्रंथांतली ओवी पुढे साडेतीन चरणांत बांधली गेली. जात्यावरची ओवी सैल राहिली. दोन ओळी, शेवटी यमक, मधे ‘बाई’, ‘गं’, ‘सये’ अशी भर, आणि तळीवर पाळू फिरण्याच्या वेगाप्रमाणे लांबणारा सूर. घास टाकायला हात थांबला की ओवीही श्वास घेते. प्रत्येकीची चाल निराळी असते. तिला ‘अमकीचा गळा’ म्हणतात आणि त्या गळ्यावरून अंधारातही बाई ओळखू येते.

परभणीत या परंपरेचे उगमस्थान लोक गंगाखेडला मानतात. गोदावरीकाठचे हे गाव संत जनाबाईंचे जन्मगाव. परंपरेप्रमाणे त्या लहानपणीच पंढरपूरला संत नामदेवांचे वडील दामाशेटी शिंपी यांच्या घरी आल्या, नामदेवांच्या घरात आयुष्यभर दळण-कांडण केले आणि ‘नामयाची दासी’ ही मुद्रा वापरून अभंग रचले. त्यांच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग सांगितले जातात. दळताना विठ्ठल त्यांच्यासोबत खुंट्याला हात लावी, ही कथा महाराष्ट्रातल्या दळणाऱ्या बायकांनी आपलीशी केली आणि आपल्या ओव्यांत असंख्य वेळा सांगितली. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात त्यांचे जाते आजही दाखवले जाते. जनाबाईंच्या एका प्रसिद्ध अभंगात बाई डोईवरचा पदर खांद्यावर टाकते, हाती टाळ आणि खांद्यावर वीणा घेते आणि भर बाजारात गायला निघते. आता मला कोण अडवील, असे विचारते. घरात दळणारी बाई आणि रस्त्यावर गाणारी बाई यांच्यातले अंतर या एका अभंगात तुटते. पुढे जे घडले ते समजायला तो आधी समजून घ्यावा लागतो.

ओव्यांचा विषय ‘माहेर, भाऊ, पंढरी’ एवढाच आहे असा समज साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’सारख्या संग्रहांच्या अपुऱ्या वाचनातून पसरला. भाऊ आणि पंढरी त्यांत आहेतच; पण मुलगी झाली म्हणून फिरलेली तोंडे आहेत, नवऱ्याचा मार आहे, सासरच्या उपासाचा हिशोब आहे, विटाळाच्या नावाने दूर बसवल्याचा संताप आहे. सीतेची गाणी हा यातला सर्वांत तीव्र भाग. गरोदर सीतेला रानात सोडून देणाऱ्या रामाला या बायका जाब विचारतात, आणि सीतेशी मैत्रिणीसारखे बोलतात: तुझा वनवास गावोगाव वाटला गेला आहे, प्रत्येक बाईच्या वाट्याला त्यातला थोडा आला आहे, असा अर्थ कितीतरी ओव्यांत फिरून येतो. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळस गावच्या गंगूबाई अंबोरे यांनी गायिलेल्या वनवासाच्या ओव्या या प्रकारात फार मोलाच्या आहेत. त्यांचा आवाज ऐकताना गाणारी सीतेविषयी बोलते की स्वतःविषयी, हा प्रश्न उरतच नाही.

हे गायन थांबले त्याचे कारण साधे आहे. डिझेलवर आणि नंतर विजेवर चालणारी पिठाची गिरणी गावात आली. चार पायल्या ज्वारी दळायला पहाटे तीनला उठावे लागे, खांदे भरून येत. त्या कष्टातून बायका सुटल्या याचे दुःख करण्यासारखे काही नाही, आणि जात्याचे गोडवे गाणाऱ्याने एकदा तासभर ज्वारी दळून पाहावी. पण त्या पहाटेत आणखी एक गोष्ट होती: घरातले पुरुष झोपलेले असण्याचा तो एकमेव वेळ. जाते कोपऱ्यात गेले तशी ती मोकळीकही गेली. पाळूला टाकी लावायला येणारा पाथरवट येईनासा झाला आणि गळे मुके झाले; मात्र ओव्या विसरल्या गेल्या नाहीत.

पुनर्गायनाची सुरुवात पुण्यातून झाली. १९३४ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुढे भारताचे नागरिक झालेले अभ्यासक गी प्वातवाँ आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासक हेमा राईरकर यांनी ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेतर्फे ओव्यांचा संग्रह हाती घेतला. पायाभूत काम मुळशी भागातल्या गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्या बायकांनी केले, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण ओव्या गोळा करणारी आणि गाणारी यांत तिथे भिंत नव्हती. एकमेकींच्या ओव्या ऐकत, आपल्या आयुष्याशी ताडून पाहत हे काम वाढले. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी नव्वदच्या दशकात त्यांतल्या अनेक गायिकांचे ध्वनिमुद्रण केले. त्या निमित्ताने कितीतरी ठिकाणी वर्षांनुवर्षे वेगळ्या चुलींवर राहिलेल्या सांगातिणी पुन्हा एका जात्याभोवती बसल्या. प्वातवाँ २००४ मध्ये निवर्तले आणि राईरकर २०१० मध्ये. मार्च २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात, नमिता वाईकर, आशा ओगले, जितेंद्र मैड आदींच्या कामातून लोकांपुढे येऊ लागला.

परभणीतल्या पाथरी तालुक्याच्या शेजारचे, बीड जिल्ह्यातले माजलगाव या संदर्भात वेगळे सांगायला हवे. तिथल्या भीमनगर वस्तीत राधाबाई बोऱ्हाडे आणि वाल्हाबाई टाकणखार यांच्यासारख्या गायिकांनी डॉ. आंबेडकरांवर ओव्या गायिल्या. त्यांत विठ्ठलाच्या जागी भीमराव येतात, माहेराच्या जागी शाळा येते, आणि जात्याशी बसलेली बाई अस्पृश्यतेला नाव घेऊन प्रश्न विचारते. १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या गायिकांना दोन दशकांनंतर ‘पारी’चे लोक पुन्हा शोधत गेले. जुने गळे पुन्हा लागले. 

पाश्चात्त्य संगीतात या गायनाच्या सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे स्त्रीवादी पंक. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिया शहरात ‘बिकिनी किल’ हा वाद्यवृंद उभा राहिला. वादनातली सफाई हे गाण्याचे अधिकारपत्र नाही, आणि घरात सोसलेली मारझोड मोठ्याने सांगायचीच, या दोन गोष्टींवर तो ठाम होता. त्याची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रमात मुलींना मंचाजवळ पुढे यायला सांगत असे, कारण पुढच्या रांगा पुरुषांनी अडवलेल्या असत. १९९७ मध्ये फुटलेला हा गट २०१९ मध्ये पुन्हा एकत्र येऊन गाऊ लागला. साम्य खरे आहे, पण फरकही तितकाच मोठा. तिथे बायकांना श्रोत्यांतली जागा मिळवावी लागली. जात्याच्या खोलीत पुरुषांची रांगच नव्हती. उलट, जात्यावरच्या बाईला तिच्या खोलीबाहेरचा कान कधी मिळाला नव्हता. तो तिला ध्वनिमुद्रणाने दिला. महाराष्ट्रातल्या स्त्री चळवळीने हा कान थोडा आधी शोधला होता: स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ मध्ये मंचावर आणलेल्या, ज्योती म्हापसेकर यांच्या ‘मुलगी झाली हो’ या नाटकाने लोकगीतांचे बाज वापरून मुलगी नकोशी असण्याचा विषय चौकात आणला.

श्रोत्यांपुढच्या गायनात काही बदलते, आणि ते लपवू नये. जात्याचा भार नसला की सूर हलका होतो. घास टाकण्याच्या जागी श्वासाची जागा स्वतः शोधावी लागते. म्हणून चांगल्या ध्वनिमुद्रणात जाते सोबत ठेवतात, रिकामे का होईना. दुसरा बदल अधिक खोल आहे. चारजणी एकत्र बसल्या की एकीची ओवी दुसरी पुरी करते, तिसरी तिला अडवून आपल्या गावचे रूप सांगते, आणि सासूविषयीची एखादी ओवी हसू दाबत अर्धीच राहते, कारण सून दारात उभी असते. संपादित पुस्तकात हे कधी येत नाही.

परभणीच्या खेड्यांत आजही ओवी कोणी बोलावले म्हणून नव्हे, आपोआप म्हटली जाते ती लग्नाच्या हळदीला. घरात गिरणीचे पीठ असले तरी त्या दिवशी जाते धुऊन अंगणात आणतात, खुंट्याला हळकुंड आणि सुपारी बांधतात आणि सवाष्णींचे हात एकावर एक ठेवतात. लेकी-सुनांच्या घरून आलेल्या, कधीकाळी एकाच वाड्यात दळलेल्या म्हाताऱ्या जवळ सरकतात. पहिली ओवी देवाची, दुसरी नवऱ्या मुलाची. तिसरीपासून आपापल्या आठवणीतली. पाटीभर हळकुंडे दळून होतात तरी जाते फिरतच असते.