कोकणच्या सड्यांवरील इवली पाल

कोकणातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर एक लहानशी पाल आढळते. 'हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस' हे तिचे शास्त्रीय नाव असून, त्याचा अर्थ 'पांढऱ्या पट्ट्यांची' असा होतो.

शेपूट वगळता या पालीची लांबी जेमतेम चार सेंटिमीटर असते. तपकिरी पाठीवर पांढरे आडवे पट्टे असतात. पाठीवरील खवले कौलांप्रमाणे एकमेकांवर चढलेले दिसतात. शेपटी जाड व फुगीर असून टोकाकडे निमुळती होते. घरातील पालीप्रमाणे ती भिंतींवर वावरत नाही. जमीन हेच तिचे विश्व आहे. दिवसा ती सुट्या दगडांखाली दडून राहते आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडते.

रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले येथील नमुन्यांवरून ग्रँडिसन आणि सोमण यांनी १९६३ मध्ये या प्रजातीचे प्रथम वर्णन केले. त्या वेळी तिचा समावेश 'टेराटोलेपिस' या कुळात करण्यात आला होता. पाकिस्तानातील सिंध प्रांतात आढळणारी एक पाल याच कुळातील मानली जात असे. मात्र २००८ मध्ये अॅरन बाउअर, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय अभ्यासाच्या आधारे या दोन्ही पालींना घरपालींच्या 'हेमिडॅक्टायलस' या कुळात स्थान दिले.

या पालीच्या नोंदी प्रामुख्याने रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तिची गणना 'असुरक्षित' प्रजातींमध्ये करण्यात आली आहे.

सड्यांचा बदलता वापर हे त्यामागील मुख्य कारण आहे. सरकारी दप्तरी अनेक सड्यांची नोंद पडीक जमीन अशी आहे. चिऱ्यांसाठी खाणी खोदल्या जातात, तर आंबा-काजूच्या बागांसाठी कातळ फोडून बाहेरून माती आणली जाते. गडगे रचण्यासाठी सुटे दगड वेचले जातात. माणसाच्या दृष्टीने किरकोळ असलेला हा दगड पालीचा मात्र निवारा असतो. तो हलवला की उन्हापासून मिळणारा आडोसाही नाहीसा होतो.

याच सड्यांवरील प्राचीन कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. शिल्पांसाठी सडे राखले गेल्यास त्यांच्या आसऱ्याने राहणाऱ्या या पालीलाही संरक्षण मिळू शकेल.