सक्करदऱ्याचे तळे आणि शास्त्रांचा मेळ

नागपूरचे सक्करदरा म्हटले की भोसल्यांचा वाडा आणि तेथील तळे ह्या दोहोंचे स्मरण होते. अशा तळ्याची खोली स्थापत्यविशारद मोजील, पाण्यातील क्षार रसायनज्ञ सांगेल आणि काठची वस्ती कशी वाढली हे इतिहासकार लिहील. परंतु एखाद्या तळ्यातील मासे एका रात्रीत का मेले, असे विचारल्यास ह्यांपैकी एकट्याला उत्तर देणे कठीण जाते. सांडपाणी व निर्माल्य ह्यांवर शेवाळ माजते. ते दिवसा प्राणवायू सोडते, रात्री मात्र तोच शोषून घेते. कुजणाऱ्या पदार्थांवरील जंतूही त्यात भर घालतात. आणि पहाटे मासे गुदमरतात. मरण पाण्यात घडते, पण त्याचे मूळ गावाच्या गटारांत आणि लोकांच्या चालीरीतींत असते.

तळे हे एक स्वतंत्र छोटे विश्व आहे, असे अमेरिकेतील स्टीफन फोर्ब्झ ह्याने १८८७ साली प्रतिपादिले. सजीव सृष्टी व तिचे निर्जीव परिसर मिळून एकच व्यवस्था होते, ह्या विचारास इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ टान्सली ह्याने १९३५ साली नाव दिले; मराठीत तिला परिसंस्था म्हणतात. मिनेसोटातील एका लहानशा तळ्यात शक्ती एका जीवाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, ह्याचा हिशोब रेमंड लिंडमन ह्याने मांडला. त्याचा निबंध १९४२ साली छापून येण्यापूर्वीच वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो निवर्तला.

पुढे १९४८ साली वॉरन वीव्हर ह्याने असे दाखविले की, दोन-चार घटकांचे प्रश्न जुन्या पदार्थविज्ञानाने सोडविले व अगणित कणांचे प्रश्न संख्याशास्त्राने. परंतु परस्परांत गुंतलेल्या अनेक घटकांचे प्रश्न मध्येच राहिले. त्यांसाठी निरनिराळ्या शास्त्रांच्या पंडितांनी एकत्र बसले पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. विद्यापीठांतील संमिश्र चर्चासत्रांचे मर्म हेच होय.

हा मेळ नसल्यास काय ओढवते, ते १९५५ साली दिल्लीत दिसले. पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वजीराबादच्या उपसाकेंद्राकडे मागे वळले. तेथील कर्मचाऱ्यांनी तुरटी व क्लोरीन वाढविले. त्यामुळे विषमज्वर व पटकी ह्यांची साथ टळली. परंतु त्या मात्रेस न जुमानणारा विषाणू नळांवाटे घरोघर पोहोचला. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण विशेष होते. ही कावीळ पूर्वपरिचित जातीची नव्हती, हे जपून ठेवलेले रक्तद्रव तपासल्यावर १९८० साली उघडकीस आले. नदी, नाला, औषध आणि रोगजंतू ह्या चौघांचा परस्परसंबंध हा त्या वेळी कोणा एकाचा अभ्यासविषय नव्हता.

त्यानंतर थोड्याच काळाने, १९५८ साली, नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. नळ, मैला व रोगराई हे तिचे आरंभीचे क्षेत्र होते. १९७४ साली ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था झाली. आरोग्याच्या जागी आलेला 'पर्यावरण' हा शब्द दृष्टी किती विस्तारली ह्याची साक्ष देतो.

१९२३ साली स्थापन झालेले विद्यापीठ आणि ही संस्था ज्या नगरात आहेत, तेथे अभ्यासाचा विषय दूर शोधावा लागत नाही. सक्करदऱ्याच्या काठी रसायनज्ञ, वैद्य, अभियंता, इतिहासकार आणि तेथील रहिवासी एकत्र बसले, तर गटार कोठे वळवावे व विसर्जन कोठे व्हावे, ह्याचा निर्णय पाणी नासण्यापूर्वी होऊ शकेल.