मोटारगाडीतील वायू टरबाइन

आत घेतलेली हवा संपीडित करून (दाबून) तीत इंधन जाळणारे व तयार झालेल्या उष्ण वायूंच्या झोताने पात्यांचे चक्र फिरवून शक्ती देणारे एंजिन म्हणजे वायू टरबाइन होय. मोटारगाडीच्या नेहमीच्या एंजिनात दट्ट्या सिलिंडरात मागेपुढे सरकतो व त्याच्या गतीचे परिभ्रमणात रूपांतर करावे लागते. टरबाइनात गती मुळातच चक्राकार असल्याने कंप जवळजवळ नसतो, हलते भाग थोडे असतात, थंड करण्यासाठी पाणी खेळवावे लागत नाही आणि केरोसीन, डीझेल यांसारखी निरनिराळी इंधने चालतात. या गुणांमुळे दुसऱ्या महायुद्धानंतर सु. तीस वर्षे हे एंजिन प्रवासी मोटारगाडीत बसविण्याचे प्रयत्न झाले. परंतु अशी गाडी सर्वसाधारण विक्रीस कधीच आली नाही.

इतिहास : ब्रिटनमधील रोव्हर कंपनीने युद्धकाळात फ्रँक व्हिटल यांच्या झोत एंजिनावर काम केले होते. १९४३ मध्ये ते काम रोल्स-रॉइस कंपनीकडे गेले. तथापि या अनुभवाच्या बळावर रोव्हरने मार्च १९५० मध्ये जेट-१ ही जगातील पहिली टरबाइनचलित मोटारगाडी लोकांपुढे आणली. १९५२ मध्ये बेल्जियममधील एका रस्त्यावर तिने ताशी सु. २४५ किमी. वेग गाठला, मात्र एक लिटर इंधनात ती जेमतेम २ किमी.च्या आसपास जात असे. पुढे जनरल मोटर्स, फियाट व रेनॉ या कंपन्यांनीही प्रायोगिक गाड्या तयार केल्या. रेनॉच्या गाडीने १९५६ मध्ये ताशी ३०० किमी.हून अधिक वेग नोंदविला.

सर्वांत व्यापक प्रयोग अमेरिकेतील क्राइस्लर कंपनीने जॉर्ज ह्यूबनर यांच्या मार्गदर्शनाखाली केला. तिने १९६३-६४ मध्ये ५५ गाड्या तयार केल्या. त्यांची बाह्यांगे इटलीतील गिया या संस्थेने घडविली होती. त्यांपैकी ५० गाड्या १९६६ च्या प्रारंभापर्यंत २०३ सामान्य नागरिकांना आळीपाळीने, प्रत्येकी सु. तीन महिने, वापरण्यास दिल्या गेल्या. एंजिन १३० अश्वशक्तीचे होते. निष्कास वायूंतील उष्णता आत येणाऱ्या हवेला देणाऱ्या दोन फिरत्या पुनरुत्पादकांमुळे इंधनाची बरीच बचत होई. या गाड्या एकूण १० लक्ष मैलांहून अधिक (१६ लक्ष किमी.हून जास्त) अंतर धावल्या. वापरणाऱ्यांनी कंपविरहित चालीची प्रशंसा केली. पण इंधनाचा खप आणि वेग घेण्यास लागणारा विलंब यांबद्दल तक्रारी केल्या. प्रयोग संपल्यावर कंपनीने ४६ गाड्या नष्ट केल्या.

दोषांची कारणे : टरबाइनाने निर्माण केलेल्या शक्तीचा सु. दोन-तृतीयांश भाग संपीडक फिरविण्यातच खर्च होतो. पूर्ण भाराजवळ हे एंजिन कार्यक्षम असते. भार कमी झाला की वायूंचे तापमान व दाब उतरतात, परंतु इंधनाचा खप त्या प्रमाणात घटत नाही. विमान तासन् तास जवळजवळ एकाच वेगाने जाते. याउलट शहरातील मोटारगाडी बहुतेक वेळ शक्तीच्या अल्प अंशावर चालते व वारंवार थांबते. गाडी उभी असतानाही क्राइस्लर एंजिनातील संपीडक मिनिटाला सु. १८ ते २२ हजार फेरे घेत असे. प्रवेगकावर पाय दाबल्यावर हा वेग ४० हजारांच्या पुढे जाण्यास वेळ लागे. आरंभीच्या एंजिनांत पूर्ण शक्ती मिळण्यास सु. ७ सेकंद, तर नंतरच्यांत १ ते २ सेकंद लागत. शिवाय टरबाइन लहान केले तरी पात्यांची टोके व आवरण यांतील फट त्या प्रमाणात कमी करता येत नाही आणि गळतीमुळे कार्यक्षमता घटते. उष्णतारोधी निकेल मिश्रधातू व अचूक ओतकाम यांमुळे किंमतही वाढते.

१९७० नंतर प्रदूषणाचा प्रश्न पुढे आला. टरबाइनाच्या निष्कास वायूंत कार्बन मोनॉक्साइड व न जळालेली हायड्रोकार्बने कमी असतात. परंतु उच्च तापमानाच्या ज्वालेत नायट्रोजनाची ऑक्साइडे निर्माण होतात आणि अमेरिकेतील नव्या कायद्याने त्यांवरही कडक मर्यादा आणली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधनाचा खप हा दोष अधिकच जाणवू लागला. १९८० च्या सुमारास आर्थिक संकटात सापडलेल्या क्राइस्लरने हे काम थांबविले. कार्यकारी तापमान वाढविण्यासाठी त्या दशकात शासकीय साहाय्याने मृत्तिकाजन्य पदार्थांच्या भागांवर संशोधन झाले; तथापि ठिसूळपणाची अडचण राहिली.

टरबाइन एकाच भारावर चालवून त्याने केवळ वीजनिर्मिती करावी आणि चाके विद्युत् चलित्रांनी फिरवावीत, ही नंतरची कल्पना व्होल्व्हो (१९९२) व जॅग्वार (२०१०) यांच्या प्रायोगिक गाड्यांत दिसते. तीत टरबाइनाचा मुख्य दोष टळतो. पण कंपविरहित चाल व थोडे हलते भाग हे त्याचे गुण विद्युत् चलित्रातही असल्याने टरबाइनाची गरजच कमी होते. विमाने, हेलिकॉप्टरे व वीज केंद्रे येथे मात्र वायू टरबाइनाने आपले स्थान पक्के केले आहे.