आडनाव आणि रामजी सुभेदार

वसईत आडनावाचा इतिहास सांगणे अवघड नाही. 1534 ते 1739 या पोर्तुगीज अमलात येथील कित्येक कुटुंबांना बाप्तिस्म्याबरोबर नवी आडनावे मिळाली. परंतु वर्गात हजेरी घेताना आमच्या मुलांच्या आडनावामागे काय आहे, हे कोणी विचारीत नाही. माझ्या घरातला सर्वांत जुना लेखी कागद म्हणजे वडिलांच्या शाळेचा दाखला. त्यामागे अंधार. म्हणून मी बाबासाहेबांच्या घराण्याकडे वळतो.

घराण्याचे कुळनाव सकपाळ. आजोबा मालोजी कंपनी सरकारच्या फौजेत होते. मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्यावरून आंबडवेकर. साताऱ्याच्या हायस्कूलच्या रजिस्टरात मात्र 7 नोव्हेंबर 1900 रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. हे आडनाव एका ब्राह्मण शिक्षकाने दिले की नाही, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. त्या वादात खरा प्रश्न हरवतो : पोर त्या रजिस्टरापर्यंत पोचले कसे?

ते पोचले रामजी सुभेदारांमुळे. रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण मिळे. गावाने जे नाकारले ते छावणीने दिले. पुढे 1892-93 च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली आणि हा दरवाजाही मिटला. ज्यांचे रामजी त्याआधी शिकले, ती घरे थोडी. बाकीची मागे राहिली.

आणि भीमाबाई? त्यांचे माहेरचे आडनाव मुरबाडकर. मुरबाड ठाणे जिल्ह्यातले. 2014 साली पालघर जिल्हा होईपर्यंत आमची वसईही त्याच जिल्ह्यात होती. त्यांचे वडीलही फौजेतले सुभेदार. चौदा अपत्ये झाली, त्यांतली बरीच बालपणीच गेली. 1896 मध्ये भीमाबाई वारल्या, तेव्हा धाकटा भीमराव अवघा पाच वर्षांचा होता. आत्या मीराबाईंनी त्याला सांभाळले. सकपाळ आणि आंबेडकर यांवर आपण वाद घालतो. मुरबाडकर हे नाव कोणाच्या तोंडी येत नाही.

आंबडवेकर काय, मुरबाडकर काय, आडनावात गाव आले. पण त्या गावात आपले घर गावकुसाबाहेरच होते. ज्या गावाने आपल्याला आत घेतले नाही, त्याचेच नाव आपण पिढ्यान् पिढ्या वागवतो. त्याची लाज नको, विसरही नको.

विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे : घरी जा, आजी असेतोवर तिला तिचे माहेरचे आडनाव विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आपला इतिहास दुसरा कोणी लिहिणार नाही.