दिल्ली-मुंबई : अंतर आणि प्रवासाचा कालावधी

दिल्ली आणि मुंबई या महानगरांमधील हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर असून विमानाने ते साधारण सव्वादोन तासांत पार होते. जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत या मार्गाने जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ मात्र सुमारे १,४०० किलोमीटरचा असून त्यावरून प्रवासाला जवळपास एक दिवस लागतो. हा कालावधी निम्म्यावर आणण्यासाठी दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्ग हाती घेण्यात आला. त्यातील सोहना-दौसा टप्प्याचे उद्घाटन १२ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले.

मुलाखत वा रुग्णालयातील तपासणीसाठी दिल्ली गाठणाऱ्यांनी केवळ उड्डाणाचा वेळ गृहीत धरू नये. डिसेंबर-जानेवारीतील दाट धुक्यामुळे विमाने आणि रस्ते वाहतूक दोन्ही रखडतात. त्या काळात एक दिवस आधी पोहोचणेच श्रेयस्कर ठरते.