‘डेटा’ म्हणजे नेमकं काय? ‘डेटा इज’ बरोबर की ‘डेटा आर’?

‘आजचा डेटा संपला.’ ‘ॲपमधून युजर्सचा डेटा लीक झाला.’ ‘हवामान खात्याने पावसाचा डेटा दिला.’ तिन्ही वाक्यांत शब्द एकच, पण अर्थ वेगवेगळे. त्यात इंग्रजीत लिहायची वेळ आली की आणखी एक प्रश्न पडतो, ‘इज’ लिहायचं की ‘आर’?

शब्द आला कुठून?

‘डेटा’ मूळचा लॅटिन. ‘डेटम’ म्हणजे ‘दिलेली गोष्ट’ आणि ‘डेटा’ हे त्याचं अनेकवचन. संस्कृतमधला ‘दत्त’ हा शब्दही याच प्राचीन मुळाचा. त्याचाही अर्थ ‘दिलेलं’ असाच होतो. इंग्रजीत ‘डेटा’ 17व्या शतकात आला. शाळेत भूमितीचं प्रमेय सिद्ध करताना आपण आधी ‘पक्ष’ लिहायचो, म्हणजेच दिलेली माहिती. ‘डेटा’चा जुना अर्थ साधारण तोच.

इज की आर?

दोन्ही बरोबर. मूळ रूप अनेकवचनी असल्याने अनेक शास्त्रीय नियतकालिकांत ‘द डेटा आर’ लिहितात. रोजच्या इंग्रजीत मात्र हा शब्द ‘इन्फर्मेशन’सारखा, न मोजता येणारा मानला जातो, म्हणून ‘द डेटा इज’. एका लेखात एकच पद्धत ठेवावी. ‘डेटाज’ किंवा ‘अ डेटा’ मात्र चूक. एका नोंदीला ‘डेटा पॉइंट’, तर संचाला ‘डेटासेट’ म्हणतात.

मराठीत हा वाद नाही. आपल्याकडे तो सरळ पुल्लिंगी एकवचनी आहे: डेटा आला, डेटा संपला.

पॅकमधला डेटा आणि तुमचा डेटा

मोबाइल डेटा म्हणजे इंटरनेटवरून किती माहिती आली-गेली याचं माप. ते एमबी किंवा जीबीमध्ये मोजतात. वैयक्तिक डेटा म्हणजे जिच्यावरून तुमची ओळख पटू शकते अशी माहिती: नाव, फोन नंबर, फोटो, लोकेशन. रोजच्या पॅकमधला डेटा दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळतो. एकदा लीक झालेला आधार क्रमांक मात्र परत घेता येत नाही.

म्हणूनच भारतात 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. त्यानुसार डेटा वापरण्यासाठी घेतलेली संमती मुक्त, विशिष्ट, पूर्ण माहितीनिशी, विनाअट आणि स्पष्ट असायला हवी. दिलेली संमती मागे घेण्याचीही तरतूद त्यात आहे.

थोडक्यात, ‘डेटा’ म्हणजे ‘दिलेलं’. टॉर्चचं ॲप कॉन्टॅक्ट लिस्ट मागत असेल, तर ‘अलाऊ’ दाबण्याआधी आपण काय देतोय आणि त्याची खरंच गरज आहे का, एवढं नक्की तपासा.