तळटीपांची मोजदाद

ग्रंथांच्या पानांखालीं बारीक टाइपांत छापलेल्या तळटीपा आपण सहसा वाचीत नाहीं. परंतु श्रोतेहो, प्राध्यापकाची जागा कोणास मिळावी व कोणाच्या संशोधनास पैसा मिळावा, हें जगांतील अनेक विद्यापीठांत या तळटीपांच्या मोजणीवरून पुष्कळ अंशीं ठरूं लागलें आहे. आपल्याकडेहि विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० सालीं अध्यापकांच्या लेखनास गुण देण्याची पद्धत घातली. विद्वत्ता मोजण्याची ही हौस कोठून आली, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

तिचें मूळ सांपडतें वकिलांच्या कचेरींत. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत फ्रँक शेपर्ड यांनीं १८७३ सालीं एक धंदा काढला. एखाद्या निवाड्याचा पुढें कोणकोणत्या निवाड्यांत उल्लेख झाला, याच्या चिठ्ठ्या ते छापीत, आणि वकील त्या आपल्या पुस्तकांच्या समासांत चिकटवीत. जुना निवाडा अद्याप ग्राह्य आहे कीं नाहीं, हें चटकन् कळावें, एवढाच हेतु.

पुढें १९२७ सालीं कॅलिफोर्नियांतील पोमोना कॉलेजांतील ग्रॉस आडनांवाच्या दोघां अभ्यासकांना निराळाच प्रश्न पडला. लहान कॉलेजनें रसायनशास्त्राचीं कोणतीं नियतकालिकें विकत घ्यावींत? त्यांनीं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाच्या १९२६ सालच्या अंकांतील ३६३३ उल्लेख मोजून उत्तर काढलें. येथेंहि मोजणी नियतकालिकांची होती, माणसांची नव्हती. शेपर्ड यांच्या सूचीचाच कित्ता पुढें ठेवून यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं सर्व शास्त्रांकरितां तशी सूची सुचविली आणि १९६४ सालीं ती प्रसिद्ध होऊं लागली.

वाट दाखविण्याकरितां केलेल्या या सूचीचा हळूहळू तराजू झाला. २००५ सालीं होर्हे हिर्श या पदार्थविज्ञानवेत्त्यानें विद्वानाकरितां एकच अंक सुचविला. ज्याच्या दहा लेखांचा प्रत्येकीं निदान दहा वेळां उल्लेख झाला, पण अकरा लेखांचा अकरा वेळां झाला नाहीं, त्याचा अंक दहा. हिशेब सुटसुटीत खरा; पण त्याचा परिणाम पाहा. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पांच खंड १९३० पासून १९६२ पर्यंत प्रसिद्ध केले. केवळ हे पांच खंड हिशेबांत धरले, तर हजारों अभ्यासकांनीं ते उद्धृत केले तरीहि अंक पांचाच्या वर जाणें नाहीं!

शिवाय प्रत्येक शास्त्राची रीत वेगळी. जीवशास्त्रांत अनेकजण मिळून लेख लिहितात व प्रत्येकाखालीं संदर्भांची लांबलचक यादी असते; गणितांत याद्या आंखूड; इतिहासांत आयुष्याचें काम एका ग्रंथांत येतें. जीवशास्त्रज्ञांचे अंक पदार्थविज्ञानवेत्त्यांहून मोठे येतात, हें हिर्श यांनीं स्वतःच नमूद केलें आहे.

आम्हां मास्तरांस ही अडचण जुनी आहे. गणितांत नव्वद गुण मिळविणारीं मुलें वर्गांत पांचसहा निघत. निबंधांत साठ मिळविणारा एखादाच. तेव्हां नव्वदापेक्षां ते साठच मोलाचे नव्हेत काय? म्हणून जाणते लोक आतां लेखाच्या उल्लेखांस त्याच विषयाच्या व त्याच सालच्या सरासरीनें भागतात. हा न्याय बरा.

तथापि काळाचा हिशेब या भागाकारांतहि बसत नाहीं. ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यांवरील निबंध १८६६ सालीं छापला गेला. ते १८८४ सालीं वारले. निबंधाची खरी किंमत जगास १९०० सालीं कळली. मध्यंतरींच्या चौतीस वर्षांत कोणी तळटीपा मोजून त्यांची योग्यता ठरविली असती, तर काय आलें असतें?

२०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या लायडन जाहीरनाम्यानें आंकडे टाकून द्यावे असें म्हटलें नाहीं. विषयाविषयांतील भेद जाणावा, आणि माणसाची पारख करतांना त्याचें लेखन वाचावें, असें म्हटलें. उत्तरपत्रिका न उघडतां गुण देणाऱ्या परीक्षकास आपण काय म्हणूं? विद्वानाच्या परीक्षकासहि तोच नियम लागू आहे.